स्नेहसंमेलनाला वाद्यं नेताय? या चुका टाळा

शाळेची वाद्यं खड्ड्यांमुळे फुटतात, असं सगळे म्हणतात. पुण्यात राहून खड्ड्यांना दोष देणं सोपंच! माझं मत वेगळं आहे. वाद्यं फुटतात ती शेजारच्या वाद्यावर आदळून.

हे शिकलो एकाच फेरीत. शाळेतून बालगंधर्व रंगमंदिराला एकच रिक्षा केली: ढोलकी, तबला-डग्गा, डझनभर लेझीम आणि टाळांची पिशवी. जागा वाचावी म्हणून टाळांची पिशवी डग्ग्याच्या तोंडावर ठेवली. उतरून थाप मारली तर नुसती खरखर. टाळाच्या कडेनं शाईची नखाएवढी खपली उडाली होती. शाई म्हणजे तोंडावरचा काळा गोल; त्यात लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर घोटून बसवलेले असतात. फेव्हिकॉलनं ते जमत नाही. शेवटी तबलेवाल्याकडेच जावं लागलं, आणि रिक्षाचे वाचवलेले पैसे तिथे कितीतरी पटींनी गेले.

तेव्हा चामड्याच्या तोंडावर काही म्हणजे काही ठेवू नका. तबला-डग्गा चुंबळीत बसवून, तोंड वर करून, मधे उशी खुपसून न्या. महागड्या बॅगा नसल्या तरी चालतं; जुनी गोधडी गुंडाळली की झालं. दुचाकीवर डग्गा पायांत धरून नेणारे वीरही आहेत. एक ब्रेक, आणि भांड्याला पोचा.

लेझीम तशीच पोत्यात कोंबली तर साखळ्यांचा असा गुंता होतो की पहिला नाच त्यातच संपतो. साखळी दांड्याला गुंडाळा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वरून बांधा. पंक्चरवाला ट्यूब बहुतेक वेळा फुकट देतो, चहा पाजला तर दोन देतो. पोती आणि सुतळी पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात. टाळ-झांजांना प्रत्येक जोडीत जुना मोजा घाला.

15 ऑगस्टला पाऊस असतोच, म्हणून प्लास्टिक पांघरा. पण पोचल्यावर लगेच काढा, नाहीतर आतल्या दमटपणानं चामडं सैल पडतं. उन्हात उभ्या टेम्पोत वाद्यं ठेवली तर उलटं होतं: चामडं ताणतं, सूर चढतो, कधी पुडीच, म्हणजे तोंडावरचं अख्खं चामडंच, फाटते.

पोचल्यावर तबल्याचा सूर उतरलेला वाटला तर घाई करू नका. हलगी शेकतात म्हणून तबलाही शेकायला जाल तर शाईला तडे जातील. अर्धा तास हॉलमध्ये ठेवा, मग गजऱ्यावर, म्हणजे तोंडाच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडीनं सगळीकडून हलके ठोके द्या. ही हातोडी मात्र परतताना हमखास विंगेत राहते. दोनदा राहिली, आता ती मी माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतो.