पोर्तुगीज शिकवण्याची पदव्युत्तर पदवी: गोव्यातून पोर्तुगालला जाताना

गोव्यातल्या शाळांत पोर्तुगीज तिसरी भाषा म्हणून अजून घेता येते, म्हणजे ती नीट शिकवणारी माणसंही हवीत. ही भाषा परकी भाषा म्हणून कशी शिकवावी, याचा 'मेश्त्रादु', म्हणजे पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम, लिस्बन, कोइंब्रा आणि पोर्तु इथल्या सरकारी विद्यापीठांत आहे. मुदत दोन वर्षं, क्रेडिट 120. दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा, नाहीतर वर्गावर शिकवून त्याचा अहवाल.

आपली तीन वर्षांची बीए इथे सहसा आडवी येत नाही, कारण पोर्तुगालची पहिली पदवीही बहुतेक तीन वर्षांचीच, 180 क्रेडिटची. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मात्र चार वर्षं मागतात.

खरी अडचण भाषेची. भाषेच्या युरोपीय पातळ्यांपैकी बी2 वर प्रवेश मिळाला तरी तिच्या वरच्या सी1 शिवाय प्रबंध झेपत नाही. लिस्बन विद्यापीठाच्या काप्ले या पोर्तुगीज भाषेच्या परीक्षांत बी2 म्हणजे दिप्ले, सी1 म्हणजे दाप्ले. सेल्पे-ब्रास ही ब्राझीलची परीक्षा, तिच्यात गल्लत करू नका. मोबाइल अ‍ॅपवर शिकलेल्यांचा कान बहुधा ब्राझीलच्या उच्चारांना सरावलेला असतो. लिस्बनमध्ये स्वर गिळतात, 'तेलेफोने' लिहिलेलं 'तल्फॉन' ऐकू येतं. निघण्यापूर्वी सहा महिने रोज अर्धा तास पोर्तुगालचा रेडिओ ऐका.

अर्जासोबतच्या पत्रात 'मला पोर्तुगीज संस्कृती आवडते' असं लिहून जागा वाया घालवू नका. पोर्तुगीज शिकताना आपल्याकडच्या मुलांचं नेमकं कुठे चुकतं ते लिहा. 'ती शिक्षिका आहे' आणि 'ती दमलेली आहे', मराठीत दोन्हीकडे 'आहे'. पोर्तुगीजमध्ये पहिल्याला 'सेर', दुसऱ्याला 'श्तार'. पोर्तुगीजमध्ये नामाआधी 'उ' किंवा 'आ' हे उपपद (इंग्रजी 'the' सारखं) येतं, मराठीत ते लावावं लागत नाही, म्हणून मुलं ते गाळतात. पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांची मदतही होते: पाव, बटाटा, चावी, अननस. 'पगार' मात्र फसवतो. तिकडे ते 'पैसे देणे' असं क्रियापद आहे. असं एक उदाहरण घेऊन तुम्ही त्यावर धडा कसा बांधाल, हे दहा ओळींत सांगा.

कागदांचा क्रम चुकला की महिना जातो. पदवी आणि गुणपत्रकांवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), भाषांतर त्यानंतरच, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर होतं. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, अपोस्टिलच्या वेळी अडतं. जन्मदाखला, पदवी आणि पासपोर्ट यांवरच्या नावाचं स्पेलिंग सर्वात आधी जुळवा. नाईक-गांवकर अशा जोडनावांत तफावत हमखास निघते. पोलिसांचा दाखला शेवटी काढा, लवकर काढलेला व्हिसाच्या वेळी जुना ठरतो.

अर्ज टप्प्याटप्प्याने घेतात. पहिलाच टप्पा गाठा, नाहीतर सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात आणि व्हिसा यायचा असतो. हा व्हिसा साधारण चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा. तेवढ्या मुदतीत तिथल्या आइमा या स्थलांतर विभागाच्या कार्यालयातून निवास परवाना घ्यावा लागतो. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा.