व्यसनमुक्ती केंद्रातली दिवाळी: तयारी कशी करावी

निवासी केंद्रात दिवाळी करायची तर तयारी निदान तीन आठवडे आधी हवी. मिठाईचे खोके वाटून आणि पणत्या लावून सकाळ निघून जाते. अडचण संध्याकाळी सहानंतर सुरू होते. बऱ्याच जणांची प्यायची वेळ हीच. त्यात सण, घरची आठवण, बाहेर फटाके. तलफ उसळते ती याच तासांत. म्हणून बेत आखताना आधी सहा ते दहा भरून काढा, सकाळचं मागाहून ठरवलं तरी चालतं.

पहिल्या बैठकीत प्रत्येक रुग्णमित्राला, म्हणजे केंद्रात उपचार घेणाऱ्याला, दोन गोष्टी विचारा: घरच्या दिवाळीतलं इथे काय हवं, आणि काय नको. दुसरं उत्तर जास्त कामाचं. कुणाकडे लक्ष्मीपूजनानंतर तीन पत्तीचा डाव बसायचा आणि बाटली तिथेच उघडायची; त्याच्यासमोर नुसता पत्त्यांचा जोड आला तरी त्रास होतो. कुणी बौद्ध, कुणी मुस्लिम, कुणी ख्रिस्ती, कुणाला पूजाच नको. तेव्हा पूजा ऐच्छिक ठेवा आणि एका खोलीत करा. कंदील, फराळ, गाणी सगळ्यांची. पूजेला न बसणाऱ्याला त्या वेळी भांडी घासायला लावू नका, ती शिक्षाच वाटते. ईद आणि नाताळलाही हेच स्वयंपाकघर आणि एवढाच खर्च मिळेल, हे त्याच बैठकीत सांगून टाका.

सर्वांत जास्त चुका फराळात होतात. पहिली खसखस. करंजीच्या सारणात ती असते, अनारसा तर तिच्यावरच थापतात, काही घरांत शीरखुर्म्यातही पडते. खसखशीत मॉर्फीनचा अंश राहिलेला असतो आणि खाल्ल्यावर दोनेक दिवस लघवीच्या तपासणीत अफूवर्गीय पदार्थ दिसू शकतात. प्रामाणिकपणे राहिलेल्या माणसावर सणाच्या दुसऱ्या दिवशी संशय घेतला जातो आणि महिन्यांचा विश्वास तुटतो. अनारशाला पांढरे तीळ लावा, करंजीत खसखस घालूच नका. घरून आलेल्या डब्यांचं काय, तर पाहुण्यांना आधीच कळवा. जायफळाचीही नशा करता येते, म्हणून तेही हवं तेवढंच किसून द्या, बाकीचं कुलपात ठेवा.

दुसरी चूक लपलेल्या अल्कोहोलची. केकमधली रम, काही इसेन्स, माउथवॉश, स्प्रेचं अत्तर. डायसल्फिराम, म्हणजे दारू सुटावी म्हणून दिली जाणारी गोळी, घेणाऱ्याच्या पोटात थोडं अल्कोहोल गेलं तरी चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे ‘परवाच बंद केली’ म्हणणाऱ्यालाही हाच नियम.

तळणीचं काम विचार करून द्या. उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या रुग्णमित्रांचे हात थरथरतात, काहींना गोळ्यांची गुंगी असते. त्यांना कढईपासून आणि विळीपासून लांब ठेवा, पण नुसतं बसवू नका. शेंगदाणे निवडणं, करंजीची कड दाबणं, लाडू वळणं त्यांना जमतं. लाडू थोडे वाकडे झाले तर पुन्हा वळायला घेऊ नका. ज्याने वळला त्याच्या समोरच तो ताटात गेला पाहिजे.

यकृत किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्यांना तळलेलं सोसत नाही, मधुमेहींना गोड नको. वेगळं ताट मांडलं की माणूस एकटा पडतो, म्हणून एक पदार्थ जवळपास सगळ्यांना खाता येईल असा करा: कमी तेलाचा, साखर न घातलेला चिवडा. तीस जणांना चार दिवस पुरायला पातळ पोहे 2 किलो, शेंगदाणे 400 ग्रॅम, डाळं 300 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप 200 ग्रॅम, तेल 250 मिली. शेंगदाणे आणि खोबरं कोरडं भाजून घ्या. पोहे दोन तास उन्हात ठेवून मंद आचेवर अर्ध्या-अर्ध्या किलोने भाजा. बोटांत चुरला की झाला. सगळे एकदम टाकले की खालचे करपतात आणि वरचे चामट राहतात. मीठ गॅस बंद केल्यावर घाला, डबा चिवडा पूर्ण गार झाल्यावर भरा. पथ्य फारच कडक असेल त्याचं डॉक्टरांना विचारूनच.

कंदिलाला रबर सोल्युशन, थिनर, व्हाइटनर आणू नका. हुंगण्याचं व्यसन असलेल्यांसाठी तीच नशा आहे. खळ करा: एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग उरलेलं पाणी घालून आचेवर दाट होईपर्यंत ढवळत राहा. कीड लागू नये म्हणून जुने लोक मोरचूद घालतात, तो विषारी आहे, वगळा. ताजी खळ दोन दिवस पुरते. आत छोटा एलईडी दिवा सोडा.

अभ्यंगस्नान पहाटे चारला ठेवू नका. झोपेच्या गोळ्या घेतलेला माणूस तेलकट फरशीवर घसरतो. साडेसहा बरं, फरशीवर रबरी चटया. फटाके नकोतच, झोप उडालेल्या आणि दचकणाऱ्या माणसाला तो आवाज सहन होत नाही.

पाडवा आणि भाऊबीज मात्र नाजूक. कुणाची बायको माहेरी निघून गेलेली असते, कुणाच्या बहिणीने बोलणं टाकलेलं असतं. सभागृहात जोड्यांनी ओवाळणं ठेवलं की उरलेले मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात. त्याऐवजी संध्याकाळी सातला गोल करून बसा. प्रत्येकाने एक पणती लावायची आणि नशेशिवाय किती दिवस झाले ते सांगायचं. सहा दिवस असोत की सहाशे, पणती एकच. भेटीला आलेल्या बहिणी नंतर वेगळ्या खोलीत ओवाळतील. ओवाळणीत रोख रक्कम नको. त्यासाठी खिशात आलेले पैसे अनेकांना थेट गुत्त्याकडे ओढतात. स्वतः केलेलं भेटकार्ड चालेल. ज्यांच्याकडे कुणीच येणार नाही त्यांची यादी आठवडाभर आधी करा आणि त्या दुपारी समुपदेशक त्यांच्यासोबत असेल असं पाहा.

घरी रजेवर जाणाऱ्याबरोबर कागदावर लिहून काढा: कुणाकडे जायचं, कुणाकडे नाही, तलफ आली तर फोन कुणाला, परत किती वाजता. परतल्यावर श्वासाची आणि लघवीची तपासणी सगळ्यांची, निवडक नको. कुणी पुन्हा नशा करून आला तर त्या रात्री चौकशी लावू नका. जेवू घाला, डॉक्टरांना दाखवा, बोलणं सकाळी. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गटसभा ठेवाच, कंदील अजून टांगलेले असतानाच.