आधी जुनी रबर रिंग शोधा

पुण्याच्या नाना पेठेतून जुन्या पिकअपसाठी फिरवून बसणारा ऑइल फिल्टर आणलात, की तो लावण्याआधी जुन्याची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघाच. रिंगवर रिंग बसली, तर दाबाने ऑइल बाहेर उसळतं, आणि लक्षात येईपर्यंत बेअरिंग जातात. इतकं जपलेलं इंजिन असं जाऊ देऊ नका! नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा. फिल्टर टेकला की हातानेच पाऊण फेरा आवळा, पाना नको.

पुण्याच्या हवेला २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल ठीक. या इंजिनांच्या सपाट टॅपेटना (कॅमवर घासत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांना) झिजेपासून वाचवायला ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरस पुरेसं लागतं, म्हणून नव्या गाड्यांचं पातळ ऑइल टाळा. गाडी उभीच असली तरी पावसाळ्यानंतर ऑइल बदला.