जावास्क्रिप्टमध्ये डिफॉल्ट लावताना शून्य खाऊ नका

गावच्या डेअरीची पावती काढणारी छोटी स्क्रिप्ट आहे असं धरूया. कुणी रकाना भरलाच नाही तर आपण धरायची किंमत म्हणजे डिफॉल्ट. इफ-एल्स तुम्हाला येतंयच, तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी करा (===) आणि पुढं चला.

आधी सोपं. पावती मराठीत की कन्नडमध्ये? भाषा || "मराठी" लिहा, झालं. || म्हणजे डावीकडचं जावास्क्रिप्टला खोटं वाटलं तर उजवीकडचं घे. रकाना कोरा राहिला तरी मराठीच यायला पाहिजे, म्हणून इथं || बरोबर आहे. (व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, खुशाल द्या.)

आता पेंडीची कपात, म्हणजे उचललेल्या पेंडीचे बिलातनं कापायचे पैसे. रकाना कोरा असेल तर 100 धरायचे. इथं मात्र जपून, सुरवातीला मलापण हे डोक्यात बसायला लई वेळ लागलाय. सगळीकडं सांगतात कपात || 100 लिहा म्हणून, अजिबात लिहू नका! || ला 0 पण खोटाच वाटतो, कोरी स्ट्रिंग ("", म्हणजे रिकामा मजकूर), नल (null, मुद्दाम रिकामं), अनडिफाइन्ड (undefined, किंमत दिलेलीच नाही), नॅन (NaN, नंबर होऊ न शकलेलं) यांच्याच रांगेत तो शून्याला बसवतो, म्हणजे ज्यानं या आठवड्यात पेंड उचललीच नाही त्याच्या बिलातनं 100 रुपये जाणार, आणि एरर काही येणार नाही, स्क्रिप्ट गप चालत राहणार. शून्य हे उत्तर आहे, उत्तर नसणं नव्हे.

म्हणून कपात ?? 100. हे चिन्ह भाषेत 2020 मध्ये आलं, ते फक्त नल आणि अनडिफाइन्डला डिफॉल्ट देतं, शून्याला हात लावत नाही.

पण नुसतं ?? घालून सुटका नाही, हेच कोण सांगत नाही बघा. फॉर्ममधनं आलेलं सगळं स्ट्रिंग असतंय. कोरा रकाना म्हणजे "", तो ?? मधनं तसाच पुढं जातो, आणि त्याला नंबर केलं की होतो 0! मग रकाना कोरा असेल त्याची कपातच होत नाही. उलट "0" ही स्ट्रिंग || ला खरी वाटते, त्यामुळं फॉर्मवर तपासताना सगळं बरोबर दिसतं आणि नंबर केल्यावर बिघडतं. म्हणून क्रम हाच ठेवा: आजूबाजूची स्पेस काढा, कोरं असेल तर नल करा, नसेल तर नंबर करा, नॅन आलं तर तिथंच थांबवून चूक दाखवा, त्याला डिफॉल्ट देऊन झाकू नका, आणि सगळ्यात शेवटी ??.

एकाच ओळीत || आणि ?? आले तर कंस घाला, नाहीतर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातली चूक धरून स्क्रिप्ट चालतच नाही.

तपासताना 0, कोरा, "शंभर" आणि 250 टाकून बघा. 0 ला 0, कोऱ्याला 100, "शंभर"ला चूक आणि 250 ला 250 आलं तरच डेअरीवर चालू करा.