कूलरच्या पंपाला टायमर लावताय? आधी रिले वाचवा

पाण्याची बचत व्हावी, खोलीत चिकचिक होऊ नये म्हणून नागपुरात कूलरच्या पंपाला टायमर लावायची पद्धत आहे: 5 मिनिटे पंप चालू, 10 मिनिटे बंद. रोज 10 तास कूलर चालला तर 90 दिवसांच्या उन्हाळ्यात टायमरमधला रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, 3,600 वेळा चालू-बंद होतो. बाजारात मिळणारा छोटा चौकोनी 10 अँपिअरचा रिले साधारण 1 लाख वेळांसाठी बनवलेला असतो आणि पंप तर पाव अँपिअरही घेत नाही. तरीही नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याआधीच त्याचे पॉइंट, म्हणजे आतली जुळणारी-सुटणारी धातूची टोके, चिकटतात. कारण तो 1 लाखाचा आकडा हीटरसारख्या लोडचा आहे. पंप म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार, आणि अशा कॉइलला इंडक्टन्स असतो.

इंडक्टन्स असलेली कॉइल चालू करंट एकदम थांबू देत नाही. पॉइंट उघडला की तिच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा वाट शोधते, व्होल्टेज वाढवते आणि उघडत्या पॉइंटमधल्या फटीतून ठिणगी पाडते. समजा इंडक्टन्स 1 हेन्री आहे आणि पॉइंट उघडला तेव्हा 0.2 अँपिअर करंट होता. साठलेली ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, त्याचे अर्धे: 0.02 ज्यूल. ऐकायला किरकोळ, पण पॉइंटच्या टोकाएवढ्या जागेवर ती रोज 40 वेळा पडते. तिला दुसरी वाट करून द्यायची, एवढेच आपले काम.

त्यासाठी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 100 ओहम, 1 वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. कपॅसिटरवर ‘एक्स 2’ आणि 275 व्होल्ट एसी छापलेले असलेच पाहिजे. नुसते 400 व्होल्ट डीसी लिहिलेला पिवळा किंवा तपकिरी कपॅसिटर इथे वापरू नका. तो शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. वरच्या उदाहरणात सगळी ऊर्जा या कपॅसिटरमध्ये गेली तर व्होल्टेज सुमारे 630 पर्यंत चढते. म्हणून कपॅसिटर-रेझिस्टरच्या या जोडीच्या समांतर 14डी471 हा व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार चढले की करंटला वाट देणारा भाग) लावा आणि टायमरच्या बोर्डाच्या फेजमध्ये 1 अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला. व्हॅरिस्टर बिघडला की बहुधा शॉर्ट होतो. फ्यूज नसेल तर जळण्याचा वास येईपर्यंत कळत नाही.

आता ही जोडी लावायची कुठे? बऱ्याच आकृत्यांमध्ये ती रिलेच्या पॉइंटवर दाखवतात. कूलरसाठी तसे करू नका. 230 व्होल्टवर 0.1 मायक्रोफॅरडमधून सतत सुमारे 7 मिलिअँपिअर करंट वाहतो. म्हणजे रिले बंद असतानाही पंपाच्या तारेत फेज पोचलेला राहील आणि पंप पाण्यात बुडालेला आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे जातात, तेव्हा ही तडजोड नकोच. जोडी आणि व्हॅरिस्टर रिलेनंतर, पंपाच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये लावा. रिलेने फेजच तोडा, न्यूट्रल कधीही नाही. कूलरच्या बॉडीला अर्थिंग हवे आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवी. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा. टायमरने पंप बंद केलाय यावर विसंबू नका.

पंपाला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायची चूक नवखे करतात. एसीवर तो दर दुसऱ्या अर्ध्या लाटेत सरळ शॉर्ट होतो. डायोडची जागा रिलेच्या स्वतःच्या 12 व्होल्ट डीसी कॉइलवर. ही कॉइल साधारण 400 ओहमची, करंट 30 मिलिअँपिअर. तिचा इंडक्टन्स अर्धा हेन्री धरला आणि ती चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरने करंट 10 मायक्रोसेकंदात तोडला, तर हिशेबाने 1,500 व्होल्ट निघतात. बीसी547 हा ट्रान्झिस्टर जेमतेम 45 व्होल्ट सोसतो. कॉइलच्या दोन टोकांवर 1एन4007 हा डायोड लावा, पट्टा असलेले टोक प्लसकडे.

नुसत्या डायोडने मात्र कॉइलचा करंट सावकाश उतरतो, पॉइंट हळू उघडतात आणि ठिणगी लांबते. डायोडच्या सिरीजमध्ये 24 व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलट दिशेनेही करंट सोडणारा डायोड) उलट दिशेने घाला. मग ट्रान्झिस्टरवर 12 अधिक 24 अधिक 0.7, म्हणजे 37 व्होल्टच्या आत येतात आणि पॉइंट झटकन सुटतात. हा पाच-दहा रुपयांचा भाग टाळू नये.

उष्णतेचाही विचार करा. पश्चिमेच्या खिडकीतला पत्र्याचा डबा मे महिन्यात सहज 60 अंशांवर जातो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला 0.39 टक्के वाढतो, म्हणून 20 अंशांवर 400 ओहम असलेली कॉइल तिथे 462 ओहम होते आणि करंट 26 मिलिअँपिअरवर येतो. त्यात साध्या ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय असेल आणि संध्याकाळी लाइनचे व्होल्टेज पडले, तर रिले फडफडतो. फडफडणारे पॉइंट सर्वांत आधी जळतात. सप्लाय रेग्युलेटेड ठेवा, त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 105 अंशांचे घ्या, आणि डबा प्लास्टिकचा घेऊन खोलीच्या आत, कूलरच्या ताट्यांच्या शिंतोड्यांपासून दूर लावा.

काम झाल्यावर मीडियम वेव्हचा रेडिओ रिकाम्या जागी ट्यून करून डब्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि पंप दहा-बारा वेळा बंद करून बघा. आधी जोरात येणारा ‘टक्’ आता जेमतेम ऐकू यायला हवा. तो दोन-तीन मोसमांनी पुन्हा वाढला तर कपॅसिटर मोजा. एक्स 2 कपॅसिटर झटके खाऊन हळूहळू क्षमता गमावतात. 0.08 मायक्रोफॅरडच्या खाली भरला की नवा टाका.