जुना पॅसिव्ह सबवूफर : ओळख, तपासणी आणि दुरुस्ती

माळ्यावरून उतरवलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला सबवूफर (केवळ खोल, जड आवाज म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर) वाजला नाही, म्हणजे तो जळालाच असेल, असे मानण्याची घाई करू नये. पुष्कळदा खोका धडधाकट असतो आणि जोडणीच चुकलेली असते. म्हणून आधी ओळख पटवावी.

खोक्याची मागची बाजू पाहावी. तेथे मेन्सची वायर, फ्यूज किंवा आवाजाचे बटण यांपैकी काहीही नसेल आणि केवळ लाल-काळे स्प्रिंगचे किंवा स्क्रूचे टर्मिनल असतील, तर तो बहुधा पॅसिव्ह असतो, म्हणजे त्याच्या आत स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो. अशा सबवूफरला रिसीव्हरच्या (संचातील ॲम्प्लिफायर असलेल्या मुख्य यंत्राच्या) ‘सबवूफर प्री-आउट’ या आरसीए सॉकेटचा थेट उपयोग नाही, कारण तेथून केवळ क्षीण सिग्नल मिळतो, कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) हलवण्याइतकी शक्ती मिळत नाही. नुसत्या नावावरूनही निर्णय करू नये. बोस कंपनीच्या १९८७ मधील ‘ॲकूस्टिमास ५’ संचाचा बेसचा खोका पॅसिव्ह होता, पण ‘ॲकूस्टिमास’ नावाच्याच पुढील काही संचांत ॲम्प्लिफायर खोक्यातच बसवलेला आहे. काही पॅसिव्ह खोक्यांना डाव्या-उजव्या चॅनेलसाठी दोन इनपुट आणि छोट्या स्पीकरसाठी दोन आउटपुट असतात. तेथे ॲम्प्लिफायरच्या तारा आउटपुटला जोडल्या गेल्या, तर बेस येत नाही.

ओळख पटल्यावर सर्व तारा सोडवून मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवावा आणि इनपुट टर्मिनलवर मोजणी करावी. ८ ओहमच्या स्पीकरला मीटर ८ दाखवत नाही, साधारण ५.५ ते ७ दाखवतो. ४ ओहमच्या स्पीकरला ३ ते ३.५ च्या आसपास. हा दोष नव्हे, कारण मीटर डीसी रोध (एकदिश प्रवाहाला होणारा अडथळा) मोजतो आणि खोक्यावर छापलेला आकडा एसी इम्पीडन्सचा, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा असतो. बेसच्या क्रॉसओव्हरमधील (उंच व खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधील) कॉइल स्पीकरच्या सिरीजमध्ये असते व डीसीला वाट देते, त्यामुळे ही मोजणी सहसा खोका न उघडताही होते. मीटर काहीच दाखवत नसेल, तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. आकडा शून्याला टेकत असेल तर शॉर्ट आहे, आणि तो खोका ॲम्प्लिफायरला मुळीच जोडू नये.

मोजणी ठीक आल्यास १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टर्मिनलला टेकवावा. धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर कोन सहसा बाहेर सरकतो आणि मंद ‘धप्’ ऐकू येते. नंतर दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर ठेवून तो अगदी हळू आत दाबावा. तो लोण्यासारखा सरकला पाहिजे. खरखर जाणवली, तर व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासते आहे किंवा जळून फुगली आहे.

सर्वांत जास्त लक्ष मात्र कोनाच्या कडेकडे द्यावे. जुन्या सबवूफरमध्ये ती पुष्कळदा फोमची असते, आणि दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, ती लवकर कुजते. दिसायला अखंड असलेली कड बोटाने हलकेच दाबली की चिकट काळा भुगा होऊन बोटाला लागते. असा स्पीकर मोठ्या आवाजात फडफडतो आणि तसाच वाजवत राहिल्यास कॉइलही खराब होते. फोम बदलता येतो. व्यास नीट मोजून नवी कड आणावी, जुना गोंद पूर्ण खरवडून काढावा आणि चिकटवताना कॉइल मध्यभागी राहील याची खात्री करावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सुटे भाग शोधता येतात. कॉइल जळाली असेल, तर नवा ड्रायव्हर (खोक्यातील प्रत्यक्ष स्पीकर) घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मीटरवर वाट तुटलेली दिसली, तर खोका उघडून थेट ड्रायव्हरच्या टोकांवर मोजावे. तेथे आकडा बरोबर आला, तर दोष क्रॉसओव्हरमध्ये, सुटलेल्या सोल्डरमध्ये किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो. नाहीच आला, तर टर्मिनलपासून कोनाकडे जाणारी वळलेली लवचीक तार तपासावी. सतत हलून ती तुटते आणि सोल्डरने पुन्हा जोडता येते. जुना कंडेन्सर बदलायचा असल्यास तितक्याच मायक्रोफॅरडचा, नॉन-पोलर (धन-ऋण टोके नसलेला) आणि जुन्यापेक्षा कमी व्होल्टेजचा नसलेला घ्यावा.

शेवटी जोडणी ॲम्प्लिफायर बंद ठेवूनच करावी. होम थिएटर संचांतील सबवूफर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, तेव्हा ॲम्प्लिफायरच्या मागे लिहिलेली किमान ओहमची मर्यादा आधी वाचावी. आत फिल्टर नसलेल्या खोक्याला लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणारा) असलेला ॲम्प्लिफायर लागतो. सर्व वाजू लागले, पण मुख्य स्पीकरसोबत बेस पातळ वाटला, तर सबवूफरच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल करून ऐकावे आणि ज्या जोडणीत बेस भरदार येईल तीच ठेवावी.