आटलेल्या डबक्यातून ऑस्ट्राकॉड कसे काढायचे

ऑस्ट्राकॉड म्हणजे शिंपल्यासारख्या कवचातले, पाण्यातले बारीक प्राणी. ते बघायला पावसाळ्याची वाट पाहायला नको. उन्हाळ्यात त्र्यंबककडे जाणं झालं की मी आटलेल्या डबक्यातली नाहीतर भातखाचरातली वरवरची माती मूठभर आणते. (खाचराच्या मालकाला विचारून. तो हसतो, पण नाही म्हणत नाही.) या कोरड्या मातीत त्यांची अंडी तग धरून असतात, पाणी मिळालं की फुटतात.

माती पसरट काचेच्या भांड्यात घाला, वर चार बोटं पाणी. नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवलेलं. क्लोरीन त्यांना सोसत नाही. भांडं उजेडात ठेवा, मात्र नाशिकच्या मे महिन्यातल्या थेट उन्हात नको. मग धीर धरा. पाणी गढूळ दिसतं म्हणून घरचे ओतून द्यायला निघतात, तेवढं सांभाळा. आठवडा-दोन आठवड्यांत तळाशी ठिपके फिरू लागतात. उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा टाकला की त्यावर जमतात.

ड्रॉपरने एखादा पांढऱ्या बशीत घ्या आणि दहापट भिंग लावा. पाय फुटलेला राजगिरा! डाफ्निया (पाणपिसू) हा डबक्यातलाच दुसरा बारीक जीव; त्याचं डोकं कवचाबाहेर असतं आणि तो उड्या मारतो. ऑस्ट्राकॉड डोक्यासकट दोन शिंपांत बंद. फटीतून स्पर्शिका बाहेर काढून तुरुतुरु पळतो, काडी लावली की मिटून खाली बसतो. आहे मात्र झिंग्या-खेकड्यांच्या गोतातला.

नावही त्या कवचावरूनच. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1802 मध्ये या गटाला ऑस्ट्राकोडा म्हटलं. ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणजे शिंपला, आणि खापरीही. अथेन्सचे लोक नकोशा पुढाऱ्याचं नाव खापरीवर कोरून मत देत आणि त्याला 10 वर्षांसाठी गावाबाहेर काढत. खापर फोडायची तऱ्हा आपल्याहून जरा कडक.

कवच कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचं असतं आणि वाढताना दर वेळी अख्खं टाकून नवं करावं लागतं, त्यामुळे तळाशी रिकाम्या शिंपा सापडतात. एक शिंप काचपट्टीवर घेऊन व्हिनेगरचा थेंब सोडा आणि भिंगातून पाहा: कडेने बारीक बुडबुडे सुटतात, शिंप विरत जाते. हा प्रयोग रिकाम्या शिंपेवरच करा, जिवंत प्राण्यावर नाही. बघून झालं की भांडं सावलीत आपोआप आटू द्या आणि माती कागदाच्या पुडीत बांधून तारीख घाला.